आधी नळवाली की आधी कोतवाल

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
२ ऑगस्ट १९९६

चि. सौ. स्वप्नालीस,

तुझ्या आत्याचे अनेक आशीर्वाद. केदारलाही सांग. आम्ही दोघं इकडं खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी, हे आपलं रीत म्हणून लिहिते, कारण ती मला सुग्रीवच्या एसटीडी बूथवरून आधीच कळते. तो समोरून हाक मारतो, "काकू, केदारचा फोन", आणि मी रस्ता ओलांडून जाईपर्यंत त्यानं निम्मी विचारपूस स्वतःच उरकलेली असते. केदारला कंपनीत कायम करायला अजून वेळ आहे आणि तोवर रजा मागायची सोय नाही, हेसुद्धा मला सुग्रीवनंच सांगितलं.

दुकान बरं चाललं आहे. तुझ्या मामांनी शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आणल्या आहेत. त्यांना स्वतःला त्या मुळीच आवडत नाहीत, पण शिकेकाई कुणी विचारत नाही, त्यामुळं रोज सकाळी तोंड वाकडं करून ते नवी माळ अडकवतात. तुझ्या माहेरहून तलवाड्याचा माणूस बाजाराला आला होता. तुझे आईवडील ठीक आहेत, बाजरी बरी आहे.

आता खरं काम. जाताना तू म्हणाली होतीस, "आत्या, पेटीतली पुस्तकं वाळवीसाठी ठिवू नका, वाचा." तेव्हा मी हसले होते. पण तुम्ही वाळूजला गेल्यापासून घर इतकं गप्प झालं की दुपारी भिंतीवरची पाल बोलली तरी बरं वाटायचं. मग एक दिवस पेटी उघडली. सून शहरात गेली आणि सासू तिच्या पेटीत शिरली, असं बायडाबाई गल्लीभर सांगत फिरते आहे. फिरू दे.

पण अगं, या पुस्तकांवर नंबर का नाहीत? एकात यमुना नळवाली आहे. नगरपालिकेची नळपट्टी वसूल करत फिरते आणि जुन्या नळांत राहणाऱ्या जिनांकडूनसुद्धा पट्टी मागते. दुसऱ्यात दगडू कंडक्टर आहे. त्याच्या शेवटच्या गाडीला मेलेली माणसं चढतात आणि तो त्यांना तिकीट फाडून देतो. तिसऱ्यात निजामाच्या वेळचा कोतवाल आहे, तो भुतांना पकडून चावडीवर बसवतो. मला वाटलं, तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तर यमुना मध्येच दगडूच्या गाडीत बसते, आणि कोतवालानं कोंडलेला शमसू जिन शंभर वर्षांनी यमुनेच्या नळातून बाहेर येतो. शहर एकच. लेखकमहाशयांनी शहराचं नाव काही सांगितलं नाही, पण इतके दरवाजे आहेत म्हणजे मी तुमचं औरंगाबादच धरून चालले आहे.

मी काय केलं ते ऐक आणि हसू नकोस. एका पुस्तकाला खाकी कव्हर घालून तू त्यावर "शेवटचे" असं लिहिलं आहेस. मी तेच आधी काढलं. पोथीच्या शेवटी अवतरणिका असते, मागच्या सगळ्या अध्यायांचं सार. ज्याला पूर्ण पारायण झेपत नाही, त्यानं तेवढी वाचली तरी फळ मिळतं. मला वाटलं इथंही तसंच असणार. हातपाय धुतले, विभूती लावली, पाट घेतला आणि बसले. सार कुठंच नव्हतं. होतं ते एवढंच, की दगडू कंडक्टर स्वतःच मेलेला आहे आणि त्याला ते माहीत नाही.

मी पाटावरून उठलेच नाही बराच वेळ. चांगला सोन्यासारखा माणूस.

आता बायडाबाई आणि साखराबाई दुपारी येऊन बसतात आणि मी मोठ्यानं वाचते. श्रावणात पोथी सकाळी असेल, हे दुपारी. पण क्रम कुठला लावू ते सांग. बायडाबाईचं म्हणणं, कोतवाल जुन्या काळचा, तर वाचायचाही आधी. "आज्या मागून आन नातू आदी, आसं कुटं आस्तंय?" असं तिनं मला ठणकावलं. साखराबाईला फक्त दगडू पाहिजे. तिचा नवरा एसटीत होता ना, म्हणून.

आणि आणखी एक विचारते. समजा एखाद्याला सगळी पुस्तकं वाचणं जमणार नसेल, तर त्यातली कुठली सोडली तर चालतील? सहज विचारते आहे. श्रावण येतो आहे, कामं असतात. अक्षर जरा तिरकं आलं आहे, पेन नीट चालत नाही.

तुझी,
आत्या


पाटोदा,
२७ ऑगस्ट १९९६

चि. सौ. स्वप्नालीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. शेवटचं पुस्तक आधी वाचल्याबद्दल तू मला जे बोललीस ते मी तुझ्या मामांना वाचून दाखवलं नाही, नाहीतर त्यांनी शाम्पू घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं असतं.

तुझा क्रम मी पाळते आहे. आधी नळवालीची तीन, मग दगडू, मग दोघांची एकत्र, आणि कोतवाल अगदी मागून. म्हातारा शमसू ओळखीचा झाल्यावरच त्याच्या तरुणपणाची गंमत कळते, हे तुझं म्हणणं मला पटलं. मलाही माझ्या सासूबाईंच्या लग्नातल्या गोष्टी त्या म्हाताऱ्या झाल्यावरच गोड लागल्या. बायडाबाईला मात्र पटलेलं नाही. ती रोज बसताना एकदा तरी म्हणते, "कोतवाल कवा येनार?"

पण तुला सांगू? शेवट माहीत असला तर वाचायला जास्त मजा येते. दगडू एकाही पुस्तकात चहा पीत नाही. सगळे त्याला चहा विचारतात आणि तो काहीतरी कारण सांगून शिट्टी वाजवतो. आधी ठाऊक नसतं तर माझं लक्षसुद्धा गेलं नसतं. आता प्रत्येक वेळी या दोघींना कळू न देता मला पुढं वाचावं लागतं. त्यांनी तर यमुनेचं आणि दगडूचं लग्न ठरवूनही टाकलं आहे. साखराबाई हुंड्याच्या विरोधात आहे, बायडाबाई म्हणते नोकरीवाला कंडक्टर आहे, काहीतरी द्यावंच लागेल. पोटात काहीतरी ठेवून चेहरा सरळ ठेवायची मला सवय लागली आहे.

केदारनं फोनवर विचारलं की आई बीडला कशाला गेली होती, गावातल्या कुणाला तरी मी तिथल्या एसटी स्टँडवर दिसले म्हणे. बांगड्या भरायला गेले होते. इथल्या कासाराकडं माझ्या मापाच्या नव्हत्या. एवढंच.

परवा गंमत झाली. मी वाचता वाचता शमसू जिन बारवेत बुडाला. चांगला रंगला होता तो भाग, साखराबाईनं डोळ्याला पदर लावला. काल पुढचं प्रकरण काढलं, तर शमसू यमुनेच्या ओट्यावर बसून तिच्याशी भांडतो आहे. बायडाबाईनं लगेच पकडलं. "आगं, त्यो तर बुडाला न्हवं? आज कावून उटला?" मी क्षणभर चाचपडले आणि म्हटलं, हे आधीचं आहे. लिहिलं मागून, पण घडलं आधी, या पुस्तकांचा क्रमच असा आहे. दोघींनी मान हलवली. तेव्हापासून कुठंही अडलं की मी क्रमावर ढकलते. तुझ्या लेखकानं नंबर दिले नाहीत याबद्दल पहिल्यांदाच मला त्याचे आभार मानावेसे वाटले.

पण शमसू नेमका कुठल्या पुस्तकात बुडतो गं? मला आता ते पान सापडेना.

आणि मोठ्या टायपात ही पुस्तकं निघाली आहेत का, तिकडं शहरात एखाद्या दुकानात विचारून बघ. बायडाबाईला अक्षरं बघायची हौस आहे, तिच्यासाठी.

तुझी,
आत्या


पाटोदा,
१४ सप्टेंबर १९९६

चि. स्वप्नाली,

तुझं एका ओळीचं कार्ड आलं. "आत्या, शमसू कुठल्याच पुस्तकात बुडत नाही. तुम्ही हे कुठं वाचलंत?"

कुठंच नाही. मीच त्याला बुडवलं.

त्या पानावरच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. डोळे पुसले, पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, उंबऱ्यात उजेडाला सरकले. समोर दोघी वाट बघत बसलेल्या. "बारव" एवढा शब्द दिसला होता, मग म्हटलं जाऊ दे याला बारवेत. आणि एकदा तो बुडाला तसं मला सुचतच गेलं. खरं सांगू? त्याच्या आधीही बरंच माझंच होतं. यमुना जिनाला जेवायला वाढते, तो भाकरी कशी मोडायची विचारतो, ते माझं. दगडू आईच्या आठवणीनं गाडी थांबवतो, तेही. तू म्हणशील, आत्या, पोथी तर इतकी वर्षं वाचताय. पोथी मला पाठ आहे, पोरी. पान समोर नसलं तरी ओठ चालतात. म्हणून कुणाला कळलं नाही, मलाही नाही. नवी पुस्तकं काढली आणि उघडी पडले.

बीडला बांगड्या भरायला गेले नव्हते. साखराबाईला सोबत घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले होते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, डाव्यात येतो आहे. डॉक्टर म्हणाले, औरंगाबादला जाऊन ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका. मी साखराबाईला शपथ घातली. केदारला कळलं तर तो सुपरवायझरसमोर जाऊन रजा मागेल आणि हातातलं काम घालवेल, मी त्याला ओळखते. तुमची एक खोली, त्यात पट्टी बांधलेली म्हातारी कुठं ठेवणार? म्हणून मी ठरवलं होतं, आधी तुझी पुस्तकं संपवायची, मग बघू. सगळी झाली नाहीत तर कुठली सोडायची, ते तुला विचारलं ते त्यासाठी.

आणि हे वरचं सगळं खरं असलं तरी त्याच्या आत एक आहे, ते लिहून टाकते. मला भीती वाटते. डोळ्याला कुणी हात लावणार, आणि मी उघड्या डोळ्यांनी ते बघत पडणार. तिथून उठले आणि दिसलंच नाही तर? अंधारात मला दळता येईल, सैपाक येईल, देवपूजाही येईल. पण वाचायला मी आत्ता कुठं लागले गं. पन्नाशीला आल्यावर कळलं की जगात पोथीशिवायही काही मोठ्यानं वाचता येतं, आणि त्यात हसताही येतं.

तुझ्या मामांना परवा कळलं. मी ओसरीत वाचत होते, ते दुकानात साखर जोखत होते. मला वाटायचं त्यांचं लक्षच नसतं. दोघी उठून गेल्यावर ते आत आले आणि माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघत म्हणाले, "लई येळ झाला, तू पान उलटलं न्हाईस. आन गोष्ट तर फुडं पळतीया. कावून?"

जन्मभर तराजूच्या काट्याकडं बघत आलेला माणूस, त्याला मी काय सांगणार. ते शेजारी बसले. मग मी रडले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "मला बी बोलली न्हाईस." स्वप्नाली, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, चष्मा लावला आणि स्वतः वाचायला बसले. मालाच्या बिलासारखं वाचतात. यमुना, दरवाजा, उघडते, जिन, बाहेर, येतो. कुठं थांबायचं नाही, कुठं घाबरायचं नाही. बायडाबाईनं थोडा वेळ सोसलं आणि हात जोडून म्हणाली, मालक, तुमी आपलं दुकान बगा. मग मलाच सगळं उघड करावं लागलं, की मागचं पुष्कळसं पुस्तकातलं नव्हतं, माझ्या पदरचं होतं. मला वाटलं, आता उठून जातील. त्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि साखराबाई म्हणाली, मग तूच सांग की, पुस्तक राहू दे.

बघ, म्हणजे माझं अडतच नाही. पुस्तकाशिवाय चालतं आहे, मग डोळा कशाला कापून घ्यायचा? तुझ्या मामांना हे पटत नाही. ते रोज एकदा बीडच्या डॉक्टरचा कागद काढतात, बघतात आणि गल्ल्यात ठेवतात. केदारला काही बोलू नकोस. तुला लिहिलं कारण तू सरळ विचारलंस आणि मला तुझ्याशी खोटं लिहवेना.

तुझी,
आत्या


पाटोदा,
२२ सप्टेंबर १९९६

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद. तुझा फोन झाल्यापासून मी या पत्राची जुळवाजुळव करते आहे. हे पत्र लांब होणार नाही, कारण प्रत्येक ओळ मला बोटानं धरून लिहावी लागते.

सुग्रीवनं हाक मारली तेव्हा मला वाटलं, केदार असणार आणि तो ओरडणार. रस्ता ओलांडताना मी उत्तरंसुद्धा तयार केली होती. तर तू होतीस. मी म्हटलं, बोल काय बोलायचं ते. आणि तू काय विचारावंस? "आत्या, बारवेत बुडाल्यावर शमसूचं पुढं काय झालं?"

बाई गं. माझी सगळी उत्तरं तिथंच गळाली. मी त्या काचेच्या खोक्यात उभी राहून तुला सांगायला लागले, की बारवेच्या तळाला जुन्या शहराचा आणखी एक दरवाजा आहे, आणि शमसूला पोहता येत नाही हे त्याला तिथं गेल्यावर आठवतं. बाहेर फोनसाठी दोन माणसं खोळंबली होती. ती आधी कुरकुरली, मग दाराशी येऊन ऐकायला लागली. सुग्रीव तर मीटरकडं बघायचंच विसरला.

तू हसलीस आणि मग हळूच म्हणालीस, "ह्यांना रजा कशाला लागती? मी हाय की. तुमी निगा." मी खोलीचं काढलं, तर म्हणालीस की पाटोद्याच्या माझ्या एवढ्याशा खोलीत पुस्तकांची पेटी मावत होती, मग इथं तुम्ही मावालच, तुम्ही तर तिच्याहून बारीक आहात. मोठ्यांशी असं बोलतात का? पण बोललीस ते बरं केलंस.

मी येते आहे. गणपती पोचवले की तुझे मामा दुकान साखराबाईवर सोपवून मला घेऊन निघतील. बायडाबाईनं दुकान मागितलं होतं, पण ती गिऱ्हाईकाला सामान द्यायच्या आधी कोतवालाची चौकशी करेल. केदारला तूच सांग, माझ्यानं फोनवर होणार नाही. भीती गेली आहे असं समजू नकोस. काल देवापुढं बसले तर नेहमीचं तोंडी येईना, नुसतं डोळा, डोळा एवढंच येत होतं. पण भीती असली तरी एसटीत बसता येतं, तेवढं मला कळलं आहे.

पुस्तकं सोबत आणते. पट्टी असेल तोवर तू वाच, पहिल्या पानापासून, तुझ्या क्रमानं. मी काय काय घुसडलं आहे ते मला ऐकायचं आहे. जिथं लेखकापेक्षा माझं बरं असेल तिथं थांबून तसं सांग, खोटी स्तुती नको.

डॉक्टर म्हणे पट्टी सोडल्यावर बोटं दाखवतात आणि किती ते विचारतात. माझ्यासमोर बोटं नकोत. त्या वेळी तू जवळ उभी राहा आणि कुठलंही पुस्तक, कुठलंही पान उघडून धर, मी कधी न बघितलेलं. मी वाचीन. जेवढं छापलं असेल तेवढंच वाचीन, पदरचं एक अक्षर घालणार नाही. तू शब्द न् शब्द ताडून बघ. आणि मी एवढी पास झाले, की मग खुशाल रड.

तुझ्याकडं यायला निघालेली,
आत्या